निवडून न आलेल्यांचे मत : नियुक्त सदस्यांचे सभागृहातील स्थान आणि त्यावरचे वाद

नवी दिल्ली : दिल्ली महानगरपालिकेच्या निवडणुकीनंतरची पहिली सभा ६ जानेवारी २०२३ रोजी सिव्हिक सेंटरमध्ये भरली. विषयपत्रिकेवर महापौरांची निवड होती. तत्पूर्वी सदस्यांचा शपथविधी व्हायचा होता. पीठासीन अधिकाऱ्यांनी शपथेसाठी पहिल्यांदा पुकारले ते निवडून आलेल्या २५० नगरसेवकांपैकी कुणाला नव्हे, तर नायब राज्यपालांनी नियुक्त केलेल्या १० सदस्यांना. त्यासरशी घोषणाबाजी सुरू झाली, धक्काबुक्की झाली आणि महापौर न निवडताच सभा तहकूब करावी लागली.

आधी शपथ कोणी घ्यावी, हा वरकरणी शिष्टाचाराचा प्रश्न. त्यावरून देशाच्या राजधानीतील महापालिकेचे कामकाज सुमारे दीड महिना का अडून राहावे? याचे उत्तर शपथेत नव्हते, मतात होते. शपथ घेतलेला सदस्य मतदान करू शकतो. मग नियुक्त सदस्य महापौराच्या निवडणुकीत मत देऊ शकतात की नाही, हा खरा वाद होता. अखेर तो सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिटला.

निवडणूक न लढवता, मतदारांपुढे न जाता सभागृहात बसणारे सदस्य आपल्याकडे संसदेपासून नगरपरिषदेपर्यंत सर्वत्र आहेत. राज्यसभेत ते राष्ट्रपतिनियुक्त म्हणून ओळखले जातात, विधान परिषदेत राज्यपालनियुक्त, महाराष्ट्रातील महापालिकांत स्वीकृत नगरसेवक. नावे वेगळी असली तरी कल्पना एकच : निवडणुकीच्या धकाधकीत न उतरणाऱ्या जाणकारांचा अनुभव कायदेमंडळाला मिळावा. मात्र या कल्पनेचा व्यवहारातील अर्थ तीन गोष्टींवर ठरतो. नियुक्ती कोणाच्या हाती आहे, नियुक्त सदस्याला मताधिकार आहे काय आणि सभागृह किती लहान आहे. गेल्या काही वर्षांत दिल्ली, पुदुच्चेरी आणि महाराष्ट्र येथे उद्भवलेले तिन्ही मोठे वाद याच तीन प्रश्नांभोवती फिरले आहेत.

राज्यसभेतील १२ जागा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ८० नुसार राष्ट्रपती राज्यसभेवर १२ सदस्य नियुक्त करतात. साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव ही त्यासाठीची अट. ही तरतूद करताना घटनाकारांसमोर आयर्लंडचे उदाहरण होते. त्या देशाच्या ६० सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहात ११ सदस्य पंतप्रधानांकडून नियुक्त होतात. आपल्याकडे नियुक्ती राष्ट्रपतींच्या नावाने होत असली तरी ती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

१९५२ साली नियुक्त झालेल्या पहिल्या १२ जणांत भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, शिक्षणतज्ज्ञ झाकिर हुसेन, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल, हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त, अभिनेते पृथ्वीराज कपूर आणि साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर होते. विख्यात विधिज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर हेही त्यांत होते. घटनेच्या यादीत कायद्याचा उल्लेख नाही. तरीही पहिल्याच खेपेस एका कायदेपंडिताची निवड झाली. म्हणजे यादीचा अर्थ सुरुवातीपासूनच काहीसा व्यापक लावला गेला. पुढे सचिन तेंडुलकर यांच्या नियुक्तीच्या वेळी खेळ या यादीत बसतो काय, अशी विचारणा झाली, तेव्हा हाच मुद्दा पुन्हा चर्चेत आला.

मराठी वाचकांना या बाकांवरील कितीतरी नावे परिचित आहेत. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे १९५३ ते १९५९ या काळात राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आणि हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये संमत झाला. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा पंडित त्या वेळी त्याच सभागृहाचा सदस्य होता. नियुक्तीच्या तरतुदीमागील हेतू याहून नेमका सांगता येणार नाही. नाटककार मामा वरेरकर, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, गायिका लता मंगेशकर, समाजसेवक नानाजी देशमुख, अर्थतज्ज्ञ भालचंद्र मुणगेकर व नरेंद्र जाधव, तसेच संभाजीराजे छत्रपती हेही राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. जुलै २०२५ मध्ये विधिज्ञ उज्ज्वल निकम यांची या सभागृहावर नियुक्ती झाली.

नियुक्ती म्हणजे सन्मान की जबाबदारी, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. तेंडुलकर आणि अभिनेत्री रेखा यांच्या अल्प उपस्थितीवरून सभागृहातच टीका झाली होती. मात्र याची दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तेंडुलकर खेळण्याच्या हक्काविषयी बोलण्यास उभे राहिले, तेव्हा राज्यसभेतील गदारोळामुळे त्यांना बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले भाषण समाजमाध्यमावरून लोकांपर्यंत पोहोचवले. जाणकाराला सभागृहात बसवणे ही एक गोष्ट झाली. त्याचे ऐकून घेणे ही दुसरी.

काय करता येते, काय नाही

राज्यसभेच्या नियुक्त सदस्याची मुदत इतरांप्रमाणे सहा वर्षांची असते. तो विधेयकांवर बोलू शकतो, प्रश्न विचारू शकतो, समित्यांवर काम करू शकतो आणि प्रत्येक विधेयकावर, घटनादुरुस्तीवरही, मत देऊ शकतो. उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्याला मत आहे. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत नाही, कारण अनुच्छेद ५४ मध्ये मतदारसंघ केवळ निवडून आलेल्या सदस्यांचा आहे.

पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे घटनेच्या दहाव्या अनुसूचीत, नियुक्त सदस्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. शपथ घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याला कोणत्याही राजकीय पक्षात प्रवेश करता येतो. त्यानंतर प्रवेश केल्यास सदस्यत्व रद्द होऊ शकते. २०१६ मध्ये नियुक्त झालेले पत्रकार स्वपन दासगुप्ता यांना २०२१ साली पश्चिम बंगालच्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाची उमेदवारी मिळाली, तेव्हा याच तरतुदीवरून आक्षेप घेण्यात आला. त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. निवडणुकीत पराभव झाल्यानंतर त्याच वर्षी जूनमध्ये उर्वरित मुदतीसाठी त्यांची पुन्हा नियुक्ती करण्यात आली.

राज्यसभेची कमाल प्रचलित सदस्यसंख्या २४५. तीत १२ नियुक्त म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. शिवाय राज्यसभेत सरकारवर अविश्वास ठराव आणता येत नाही; सरकार लोकसभेला उत्तरदायी असते. त्यामुळे नियुक्त सदस्यांच्या मताने केंद्र सरकार पडण्याचा संभव नाही. तरीही ही मते किरकोळ मानता येत नाहीत. ५ सप्टेंबर १९७० रोजी संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याची घटनादुरुस्ती राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ मतांनी फेटाळली गेली. दोन तृतीयांशासाठी १४९.३३ मते हवी होती, म्हणजे प्रत्यक्षात १५०. वरिष्ठ सभागृहात एका मताचे मोल किती असते, याचे हे उदाहरण आजही दिले जाते.

दिल्लीचा प्रशासनाधिकार नायब राज्यपालांकडे झुकवणारे २०२३ चे विधेयक ७ ऑगस्ट रोजी राज्यसभेत १३१ विरुद्ध १०२ मतांनी संमत झाले. माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई यांनी नियुक्त सदस्य या नात्याने सभागृहातील आपले पहिले भाषण याच विधेयकाच्या समर्थनार्थ केले. पुढल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये चार नियुक्त सदस्य एकाच वेळी निवृत्त झाले, तेव्हा सत्ताधारी आघाडीचे राज्यसभेतील संख्याबळ घटल्याच्या बातम्या आल्या. नियुक्त सदस्यांची गणती आता पक्षीय बलाबलात सहजपणे केली जाते, हे त्या बातम्यांवरून दिसून आले.

लोकसभेतही एके काळी अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन प्रतिनिधींची नियुक्ती होत असे. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये ही तरतूद संपुष्टात आली. लोकसभेत आता सर्व सदस्य निवडून आलेलेच असतात.

दिल्ली : मत नसलेल्यांचे मत

दिल्लीच्या विधानसभेत ७० सदस्य आहेत आणि त्यांत नियुक्त कोणी नाही. महानगरपालिकेत मात्र आहेत. १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका कायद्यानुसार पालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या, किमान २५ वर्षे वयाच्या १० व्यक्ती पालिकेवर नियुक्त होतात. सभागृहाच्या सभेत त्यांना मताधिकार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-आर मध्येही हेच तत्त्व आहे : नगरपालिकेवर जाणकारांची नियुक्ती करता येईल, पण त्यांना सभेत मत नसेल. महाराष्ट्रातील स्वीकृत नगरसेवकांनाही याच कारणाने मतदान करता येत नाही.

डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत आम आदमी पक्षाला २५० पैकी १३४ आणि भाजपला १०४ जागा मिळाल्या होत्या. जानेवारीच्या सुरुवातीस नायब राज्यपाल विनयकुमार सक्सेना यांनी १० सदस्य नियुक्त केले. दिल्ली सरकारचा सल्ला न घेता ही नियुक्ती झाल्याचा आक्षेप आम आदमी पक्षाने घेतला. महापौराची निवडणूक तीन वेळा अडली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियुक्त सदस्य महापौराच्या निवडणुकीत मतदान करू शकत नाहीत, असे स्पष्ट केले. त्यानंतर २२ फेब्रुवारीस मतदान होऊन शेली ओबेरॉय १५० विरुद्ध ११६ मतांनी महापौर झाल्या.

वाद तिथे संपला नाही. सभागृहात मत नसले तरी प्रभाग समित्यांमध्ये नियुक्त सदस्यांना मत आहे. दिल्ली महापालिकेचे १२ विभाग आहेत. प्रत्येक विभागाची प्रभाग समिती स्थायी समितीवर एक सदस्य निवडून देते. १८ जणांच्या स्थायी समितीत असे १२ सदस्य येतात. उरलेले सहा सभागृह निवडते. पालिकेच्या तिजोरीच्या किल्ल्या स्थायी समितीकडे असतात, हे नगरकारभाराची थोडीफार माहिती असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मोठी कंत्राटे आणि अंदाजपत्रक तिच्याच हातून जाते. सर्व नियुक्त सदस्य १२ विभागांत समप्रमाणात विखुरलेले असतील, असे बंधन कायद्यात नाही. ते मोजक्या विभागांत एकवटले, तर सभागृहाच्या २६० जणांत नगण्य वाटणारी १० मते विभागाच्या २०-२५ जणांत निर्णायक ठरू शकतात.

या मुद्द्यावर सुनावणी करताना मे २०२३ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, असा अधिकार नायब राज्यपालांकडे असल्यास लोकनियुक्त महापालिका अस्थिर होऊ शकते, अशी चिंता तोंडी व्यक्त केली होती. निकाल मात्र कायद्याच्या शब्दावर लागला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नियुक्तीचा अधिकार संसदेच्या कायद्याने थेट नायब राज्यपालांना दिलेला असल्यामुळे दिल्ली मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांच्यावर बंधनकारक नाही. महिनाभराने, ४ सप्टेंबर रोजी प्रभाग समित्यांच्या निवडणुका झाल्या. १२ पैकी सात विभाग भाजपकडे आणि पाच आम आदमी पक्षाकडे गेले. सभागृहातील बहुमत एका पक्षाचे आणि विभागांतील बहुमत दुसऱ्याचे, असे चित्र त्यातून उभे राहिले. दरम्यान झालेल्या पक्षांतरांचाही त्यात वाटा होता. तरीही मत कोठे आहे आणि कोठे नाही, एवढ्या बारकाव्यावर नियुक्त सदस्याचे महत्त्व किती बदलते, हे त्यातून दिसले.

राजधानीतच याहून वेगळा नमुनाही आहे. संसद भवन, राष्ट्रपती भवन आणि मंत्रालये ज्या भागात आहेत, त्या भागाचा कारभार नवी दिल्ली नगरपालिका परिषद पाहते. या परिषदेसाठी नगरसेवकांची थेट निवडणूकच होत नाही. भागातील लोकप्रतिनिधी पदसिद्ध आणि उरलेले अधिकारी व नियुक्त व्यक्ती, अशी तिची रचना आहे. देशाचे कायदे करणारे लोकनियुक्त सभागृह ज्या भूमीवर उभे आहे, तिथल्या रस्ते-पाण्याची व्यवस्था मुख्यत्वे नियुक्त मंडळाकडे आहे.

पुदुच्चेरी : तीन मते आणि एक सरकार

सभागृह लहान आणि एकच असेल, नियुक्त सदस्यांना पूर्ण मताधिकार असेल, तर काय घडते हे पुदुच्चेरीने दाखवले. १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्यानुसार तेथील विधानसभेत ३० निर्वाचित सदस्य आहेत आणि केंद्र सरकारला तीनपर्यंत सदस्य नियुक्त करता येतात. राज्याचा दर्जा मिळेपर्यंत गोवा, दमण व दीवच्या विधानसभेलाही हाच कायदा लागू होता. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात साहित्य, कला, विज्ञान अशा कोणत्याही क्षेत्राची अट घातलेली नाही. सरकारी सेवेत नसलेली व्यक्ती असावी, एवढेच पुरेसे आहे.

जुलै २०१७ मध्ये केंद्राने भाजपच्या तीन पदाधिकाऱ्यांची नियुक्ती केली. त्या वेळी तेथे व्ही. नारायणसामी यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे सरकार होते आणि भाजपचा एकही उमेदवार निवडून आलेला नव्हता. विधानसभाध्यक्षांनी नियुक्त सदस्यांना मान्यता देण्यास नकार दिला. प्रकरण आधी मद्रास उच्च न्यायालयात व मग सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियुक्त्या वैध ठरवल्या. प्रदेश सरकारशी विचारविनिमय करण्याचे बंधन केंद्रावर नाही आणि नियुक्त सदस्यांना अर्थसंकल्प व अविश्वास ठरावासह सर्व बाबींवर मताधिकार आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

या निकालाचा परिणाम २२ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसला. आमदारांच्या राजीनाम्यांमुळे सभागृहाची संख्या २६ वर आली होती. सत्ताधारी आघाडीकडे अध्यक्षांसह १२ सदस्य होते. विरोधी बाजूकडे निवडून आलेले ११ आणि नियुक्त तीन मिळून १४. निवडून आलेल्यांपुरताच हिशेब केला, तर अध्यक्ष वगळता दोन्ही बाजू ११-११ अशा समसमान होत्या. नियुक्त तिघांची भर पडताच पारडे झुकले. नियुक्त सदस्यांच्या मताधिकाराला हरकत घेत नारायणसामी मतदानापूर्वीच सभागृहाबाहेर पडले आणि त्यांनी राजीनामा दिला. विश्वासदर्शक ठराव फेटाळला गेल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.

कायद्याच्या दृष्टीने यात बेकायदा काही नव्हते; सर्वोच्च न्यायालयाने तसे आधीच सांगितले होते. शिवाय सरकार संकटात आले ते सत्ताधारी आमदारांच्या राजीनाम्यांमुळे. तरीही मतदारांनी ज्यांना कधी मत दिलेले नाही, अशा तिघांमुळे बहुमताचा हिशेब बदलला, ही वस्तुस्थिती उरतेच. त्यानंतरच्या निवडणुकीत सत्तांतर झाले आणि मे २०२१ मध्ये केंद्राने पुन्हा तीन सदस्य नियुक्त केले. भाजपचे निवडून आलेले सदस्य सहा होते; ते नऊ झाले.

जम्मू आणि काश्मीरच्या विधानसभेतही ९० निर्वाचित सदस्यांखेरीज पाच जणांच्या नियुक्तीची तरतूद करण्यात आली आहे. दोन महिला, एका महिलेसह दोन विस्थापित काश्मिरी आणि पाकव्याप्त काश्मीरमधून विस्थापित झालेल्यांचा एक प्रतिनिधी, असे तिचे स्वरूप आहे. ज्यांचे मतदारसंघ हातातून गेले, त्यांना आवाज मिळावा हा त्यामागील युक्तिवाद. नियुक्तीचे समर्थन येथे विद्वत्तेवर आधारलेले नाही, प्रतिनिधित्वावर आहे. मात्र नियुक्ती निर्वाचित सरकारच्या सल्ल्याने व्हावी की नायब राज्यपालांच्या विवेकाने, हा दिल्लीतला प्रश्न तेथेही उपस्थित झालाच.

महाराष्ट्र : रिकाम्या राहिलेल्या जागा

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी १२ सदस्य राज्यपालनियुक्त असतात. हे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक, म्हणजे राज्यसभेच्या तिप्पट आहे. अनुच्छेद १७१ मधील यादीत साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांच्या जोडीला सहकार चळवळीचाही समावेश आहे. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे कवी याच मार्गाने विधान परिषदेत आले होते. ज्यांची गीते घराघरांत म्हटली जातात, ते कवी कायदे करणाऱ्यांच्या पंक्तीला बसले, याचा मराठी माणसाला अभिमान वाटत आला आहे.

अलीकडे मात्र हा विषय चर्चेत राहिला तो वेगळ्याच कारणाने. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झालेले उद्धव ठाकरे कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्य होणे बंधनकारक होते आणि करोनाच्या साथीमुळे निवडणुका स्थगित झाल्या होत्या. एप्रिल २०२० मध्ये मंत्रिमंडळाने राज्यपालनियुक्त जागेवर त्यांच्या नावाची शिफारस केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यावर निर्णय घेतला नाही. अखेर निवडणूक आयोगाने परिषदेची निवडणूक घेण्याचा निर्णय केला आणि मे महिन्यात ठाकरे बिनविरोध निवडून आले. साहित्यिक-कलावंतांसाठी निर्माण केलेली जागा राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे पद वाचवण्याचा मार्ग ठरू पाहत होती.

त्याच वर्षी जूनमध्ये १२ ही जागा रिकाम्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने १२ नावांची यादी राज्यपालांकडे पाठवली. ती स्वीकारली गेली नाही आणि परतही आली नाही. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, राज्यपालांना आदेश देता येत नसला तरी वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे आणि आठ महिन्यांचा काळ पुरेसा आहे, असे मत नोंदवले. त्यानंतरही वर्ष उलटले. सत्तांतरानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारने ती यादी मागे घेतली. मग सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, ती उठल्यावर नवी याचिका, असा प्रवास होऊन १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या काही तास आधी, सात जणांचा शपथविधी झाला. हे सातही जण सत्ताधारी महायुतीतील तीन पक्षांशी संबंधित होते. उरलेल्या पाच जागा तेव्हाही रिकाम्याच राहिल्या. यादी मागे घेण्यास आव्हान देणारी याचिका उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली.

या प्रकरणात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले, पण एका घटकाची बाजू कुणी मांडली नाही : ज्यांच्यासाठी या जागा आहेत त्या लेखक, वैज्ञानिक, कलावंत आणि सहकारातील कार्यकर्त्यांची. चार वर्षांहून अधिक काळ शेती, शिक्षण, भाषा, आरोग्य यांवरील विधेयके परिषदेपुढे आली आणि त्यांवर बोलू शकणारी १२ आसने रिकामी होती.

छोट्या बेटांचा धडा

नियुक्त सदस्यांवरच चालणारी संपूर्ण सभागृहेही जगात आहेत. कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस हा देश सुमारे ४३० चौरस किलोमीटरचा, म्हणजे दिल्लीच्या एक तृतीयांशाहूनही लहान. लोकसंख्या तीन लाखांहून कमी. तेथील सिनेटचे २१ ही सदस्य नियुक्त असतात. मात्र नियुक्ती करणारा हात एकच नाही. १२ सदस्य पंतप्रधानांच्या सल्ल्याने, दोन विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्याने आणि सात जण राष्ट्रपती स्वतःच्या विवेकाने, समाजातील विविध घटकांमधून नियुक्त करतात. त्रिनिदाद व टोबॅगोच्या ३१ जणांच्या सिनेटमध्ये हीच वाटणी १६, सहा आणि नऊ अशी आहे. जमैकात २१ पैकी १३ सरकारचे आणि आठ विरोधी पक्षाचे.

जमैकातील आकडे विचारपूर्वक ठरवलेले आहेत. घटनेतील महत्त्वाच्या तरतुदी बदलण्यासाठी सिनेटमध्ये दोन तृतीयांश, म्हणजे १४ मते लागतात. सरकारकडे १३ असतात. विरोधी बाजूच्या किमान एका सिनेटरचे मन वळवल्याखेरीज घटना बदलता येत नाही. नियुक्त सभागृह सरकारच्या हातातले बाहुले होऊ नये, याची काळजी संख्येतच घेतलेली आहे.

अर्थात रचना कितीही चोख असली तरी माणसे पळवाटा शोधतात. जमैकाचे तत्कालीन विरोधी पक्षनेते अँड्र्यू होलनेस यांनी आपल्या सिनेटरांकडून तारीख न घातलेले राजीनामे आधीच सही करून घेतले होते. २०१३ मध्ये त्यांतील दोन राजीनाम्यांवर त्यांनी तारीख घालून ते पुढे पाठवले आणि दोन सिनेटरांना घरी बसवले. २०१५ मध्ये न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. नियुक्ती करणाऱ्याला सदस्य निवडण्याचा अधिकार असतो. एकदा बसलेल्या सदस्याचे मत खिशात ठेवण्याचा नसतो, हा त्या निकालाचा अर्थ.

बार्बाडोसमध्ये वेगळाच पेच उद्भवला. २०१८ आणि २०२२ या दोन्ही निवडणुकांत एकाच पक्षाने कनिष्ठ सभागृहाच्या ३० पैकी ३० जागा जिंकल्या. विरोधी पक्षनेताच उरला नाही, मग सिनेटमधील त्याच्या वाट्याच्या दोन जागा कोण भरणार? तरीही राष्ट्रपतींच्या विवेकाने येणारे सात सदस्य सिनेटमध्ये होते. मतपेटीतून एकही विरोधी आवाज न उमटलेल्या देशात सरकारच्या सल्ल्याने न आलेले लोक तेवढ्या बाकांवर उरले. निवडून न आलेल्यांची उपयुक्तता सांगणारे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्रश्न नियुक्तीचा नाही, हाताचा आहे

भारतातील चित्र याच्याशी ताडून पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. बेटांवरील देशांनी नियुक्तीचा अधिकार वाटून दिला. आपल्याकडे तो सामान्यतः एकाच ठिकाणी असतो. राज्यसभेबाबत केंद्रीय मंत्रिमंडळाकडे, विधान परिषदेबाबत राज्य मंत्रिमंडळ आणि राज्यपाल यांच्यात, केंद्रशासित प्रदेशांत केंद्राकडे किंवा नायब राज्यपालांकडे. विरोधी पक्षाला वा एखाद्या स्वतंत्र मंडळाला यात कायदेशीर वाटा नाही. राज्यसभेत हे प्रमाण लहान असल्यामुळे आणि सरकारचे अस्तित्व त्यावर अवलंबून नसल्यामुळे तोल फारसा ढळत नाही. ३३ जणांच्या विधानसभेत किंवा २०-२५ जणांच्या प्रभाग समितीत तो ढळू शकतो.

घटनेने नगरपालिकांसाठी यावर एक साधा उपाय योजला होता : जाणकाराला बोलू द्यावे, मत देऊ नये. हा उपाय सर्वत्र लागू करावा, असे काही अभ्यासकांना वाटते. उलट, मताविना सदस्याचे म्हणणे कुणी मनावर घेत नाही, असाही प्रतिवाद आहे. नियुक्त सदस्यांना निदान विश्वास आणि अविश्वास ठरावांवर मत नसावे, हा मधला मार्ग. राज्यपालांनी किती दिवसांत निर्णय घ्यावा याची मुदत कायद्यात लिहिण्याचा पर्यायही आहे. यांपैकी कोणताही मार्ग अवलंबायचा, तर त्यासाठी कायदा करणाऱ्यांचीच इच्छा हवी. आणि आजचा विरोधी पक्ष उद्या सत्तेवर आला की त्याला या अधिकाराचे आकर्षण वाटू लागते, असा आजवरचा अनुभव आहे.

कोणत्याही पक्षाने नियुक्तीच्या जागा केवळ विद्वत्तेसाठी राखल्या, असे म्हणता येणार नाही. पराभूत उमेदवारांची सोय, नाराजांची समजूत, निवडणुकीपूर्वीचे समाजगणित, यांसाठी या जागा सर्वांनीच वापरल्या आहेत. तरीही काणे, बोस, माडगूळकर, महानोर यांच्यासारखी माणसे एरवी मतदारसंघाच्या वाटेला गेली नसती आणि त्यांच्यावाचून ती सभागृहे गरीब राहिली असती, हेही तितकेच खरे आहे.

म्हणूनच नव्या नियुक्तीची बातमी वाचताना नाव किती मोठे आहे एवढेच पाहून भागत नाही. ते नाव कोणी सुचवले, त्या सदस्याला कोठे मत आहे आणि त्या सभागृहात एका मताला किती वजन आहे, हेही विचारावे लागते. सिव्हिक सेंटरमधील नगरसेवकांना ६ जानेवारी २०२३ रोजी हेच प्रश्न पडले होते. गोंधळाच्या आवाजात ते बाहेर ऐकू आले नाहीत, इतकेच.